पेन्सिल्वेनियाचं मेल-इन बॅलट : पाच वर्षं वापरून झाल्यावर

मी नर्स आहे. माझी शिफ्ट सकाळी पावणेसातला लागते आणि पुढच्या नर्सला रिपोर्ट देऊन बाहेर पडेपर्यंत संध्याकाळचे साडेसात वाजतात. पेन्सिल्वेनियात मतदान केंद्रं सकाळी सातला उघडतात आणि रात्री आठला बंद होतात. हॉस्पिटलपासून आमचं केंद्र गाडीने पस्तीस मिनिटं. मतदान मंगळवारी असतं, म्हणजे त्या दिवशी ड्यूटी लागली की माझं मत गेलंच म्हणायचं. नागरिकत्व मिळाल्यावर पहिली काही वर्षं मी दर निवडणुकीला शिफ्ट बदलून मागायचे. कधी मिळायची, कधी नाही. तेव्हाही अ‍ॅब्सेंटी बॅलट, म्हणजे केंद्रावर न जाता भरून द्यायची मतपत्रिका, होतं, पण त्याला कारण द्यावं लागे, आणि भरलेलं बॅलट निवडणुकीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोचावं लागे. अर्ज आदल्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत आणि बॅलट त्याच शुक्रवारपर्यंत परत! त्या वाटेला मी कधी गेलेच नाही.

३१ ऑक्टोबर २०१९ ला गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी अ‍ॅक्ट ७७ वर सही केली आणि कुठलंही कारण न देता घरबसल्या मत द्यायची सोय झाली. तेच मेल-इन बॅलट. अ‍ॅब्सेंटीही आहेच, गावाबाहेर असणाऱ्यांसाठी आणि आजारी किंवा अपंग मतदारांसाठी. दोन्हींची पाकिटं सारखीच, मुदतीही सारख्याच. फरक फक्त अर्जावर.

मी पहिलं मेल-इन बॅलट भरलं ते २ जून २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत. ती खरं तर २८ एप्रिलला व्हायची होती, कोविडमुळे पुढे गेली. त्या दिवसांत मी गॅरेजमध्येच कपडे बदलून घरात शिरायचे आणि तळघरातल्या खोलीत एकटी राहायचे. माझं ताट जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलेलं असे. एका संध्याकाळी ताटाच्या शेजारी काउंटीचं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ऑफिसचं, पाकीट होतं. आमटी निवत होती आणि मी तिथेच पायरीवर बसून एकेक गोल काळ्या पेनाने भरत होते. त्या दोन-तीन महिन्यांत माझ्या हातून मनासारखं, पूर्ण झालेलं असं ते एकच काम. या सेवेवर माझी माया आहे ती तेव्हापासून. आणि म्हणूनच तिच्या मुदतींबद्दल मला इतकं तळमळून लिहावंसं वाटतं.

कायद्याने मुदत अशी आहे : निवडणुकीच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत तुमचा अर्ज काउंटीच्या इलेक्शन ऑफिसात पोचला पाहिजे. भरलेलं बॅलट मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत त्याच ऑफिसात पोचलं पाहिजे. मधे सात दिवस. तेवढ्यात ऑफिसने अर्ज तपासायचा, तुमच्या नावाचं पाकीट तयार करून पोस्टात टाकायचं, ते तुमच्या दारात यायचं, तुम्ही भरायचं, परत टाकायचं आणि ते वेळेत पोचायचं. आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात कुणी विचारलं, "बॅलटची मुदत कधी गं?" की चार जणी एकदम सांगतात, "शेवटचा मंगळवार." उत्तर बरोबर आहे. पण त्या उत्तरावर विसंबून माझ्या मुलाचं मत जाता जाता राहिलं.

मुलगा पिट्सबर्गला शिकतो आणि आमचं घर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पूर्वेला. २०२४ च्या निवडणुकीची मुदत होती २९ ऑक्टोबर. त्या दिवशी धनत्रयोदशी होती म्हणून माझ्या पक्की लक्षात आहे. मी सप्टेंबरपासून त्याच्या मागे लागले होते. "आई, मंगळवारपर्यंत आहे ना? भरतो मी." त्याने सोमवारी रात्री फोनवरून अर्ज भरला. मंगळवारी मंजूर झाल्याचा ईमेल आला, त्याचा फोटो त्याने मला पाठवला. मी पणत्या लावत होते, जीव भांड्यात पडला. बुधवारी बॅलट पाठवल्याचा ईमेल. मग शुक्रवार, शनिवार, सोमवार. पाकीट काही आलं नाही.

सोमवारी रात्री तो बसमध्ये बसला आणि मंगळवारी सकाळी घरी आला. मी ड्यूटीवर होते. त्याच्या बाबांनी त्याला केंद्रावर नेलं. तिथल्या यादीत त्याच्या नावापुढे बॅलट मागवल्याची नोंद होती. बॅलट बरोबर आणलं असतं तर ते आणि त्याचं बाहेरचं पाकीट तिथे जमा करून त्याला नेहमीसारखं मत देता आलं असतं. ते हातात नव्हतं म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, बॅलट. त्याला वेगळं पाकीट, सह्या जास्त, आणि एक नंबराची चिठ्ठी मिळते. ऑफिसवाले मागाहून तपासतात की टपालाने आलेलं मत आधीच मोजलेलं नाही ना, आणि मगच हे मोजतात. आठवड्याभराने वेबसाइटवर त्या नंबरापुढे मत मोजल्याचं दिसलं. मूळ बॅलट गुरुवारी, ७ नोव्हेंबरला त्याच्या खोलीच्या मेलबॉक्सात पडलं.

यात कुणाचीच चूक नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याचा अर्ज मुदतीत होता. ऑफिसने एका दिवसात मंजूर केला. बॅलट दुसऱ्या दिवशी निघालं. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि तरी पोराला रात्रभर बसमध्ये बसून यावं लागलं. ज्याचं घर तीनशे मैलांवर नसून ओहायोच्याही पलीकडे आहे, त्याने काय करायचं?

म्हणून आमच्या घरात आता शेवटचा मंगळवार हा शब्दच काढत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीचा अर्ज गणपती उठले की भरायचा आणि घट बसायच्या आत भरून झालेला असायचा. तिथी पुढेमागे होतात, पण दोन्ही टोकं बहुतेक वेळा सप्टेंबर-ऑक्टोबरात बरोब्बर बसतात. वसंतातल्या प्राथमिक निवडणुकीसाठी पाडवा धरायचा. कायद्याने काउंटी पन्नास दिवस आधीपासून बॅलट देऊ शकते. प्रत्यक्षात सगळ्या उमेदवारांची नावं पक्की होऊन छपाई व्हायला वेळ लागतो, त्यामुळे बॅलट हातात येतं ते साधारण महिनाभर आधी. पण अर्ज रांगेत पुढे असला की पहिल्या गठ्ठ्यात आपलं नाव असतं. २०२६ चं सांगायचं तर प्राथमिक निवडणूक १९ मे ला, अर्जाची मुदत १२ मे. सार्वत्रिक निवडणूक ३ नोव्हेंबरला, अर्जाची मुदत २७ ऑक्टोबर. या तारखा लिहून ठेवा, आणि त्यांच्या तीन-चार आठवडे आधीच मोकळे व्हा. मतदार नोंदणी झालेली नसेल किंवा घर बदललं असेल तर ते काम आणखी आधीचं, निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी तीही खिडकी बंद होते.

उशीर झालाच तर एक वाट आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. स्वतः काउंटीच्या ऑफिसात जायचं, तिथेच अर्ज भरायचा, तिथेच बॅलट घ्यायचं, भरून तिथेच द्यायचं. पण हेसुद्धा त्याच मंगळवारी पाचपर्यंत. २०२४ मध्ये बक्स काउंटीत शेवटच्या दिवशी रांगा इतक्या लांबल्या की प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी तिथल्यापुरती मुदत शुक्रवार १ नोव्हेंबरपर्यंत वाढवून दिली. दर वेळी कोर्ट धावून येईल असं धरून चालू नका.

अर्जाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तो खरोखर सोपा आहे. ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, पत्ता, जन्मतारीख, झालं. पाच मिनिटं. त्यात एक चौकोन असतो, वर्षभराच्या यादीत नाव घाला म्हणून. तो जरूर भरा, म्हणजे त्या वर्षीच्या पुढच्या निवडणुकांचं बॅलट आपोआप येतं. पण नव्या वर्षात बॅलट येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज येतो. तो भरून पाठवला तरच पुढचं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी तो जाहिरात समजून रद्दीत टाकला आणि पूर्ण ऑक्टोबर बॅलटची वाट पाहत बसले. आणि निवडणुकीच्या हंगामात पक्षांकडून, संस्थांकडून अर्जांचे कोरे फॉर्म घरी येतात ते वेगळेच. सासूबाईंनी एकदा असे तीन फॉर्म भरून ठेवले होते. एकदा सरकारी वेबसाइटवर अर्ज केला की बाकीचे बाजूला ठेवा.

आता पाकिटांकडे येते, कारण सासूबाईंचं पहिलं मत तिथे गेलं.

सासूबाई १९९५ पासून इथे आहेत. ग्रीन कार्डावर वीस वर्षांपेक्षा जास्त झाली आणि वय पासष्टच्या पुढे असलं की नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते, तशी त्यांनी मराठीत दिली, दुभाषी घेऊन. २०२२ च्या नोव्हेंबरची निवडणूक त्यांची पहिली. त्या वेळी त्या ऐंशीच्या होत्या. बॅलट लवकर आलं होतं, मुदतीचा प्रश्नच नव्हता. त्यांनी देवापुढे ठेवलं, मग चष्मा पुसून जेवणाच्या टेबलाशी बसल्या. गोल भरले. बॅलटची घडी घालून आतल्या पाकिटात, ज्याला सिक्रसी एन्व्हलप म्हणतात, घातली. ते पाकीट बाहेरच्या मोठ्या पाकिटात. मागच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, देवनागरीतून नाही, पासपोर्टवर करतात तशी. आणि तारीख घातली. ४ ऑक्टोबर होती. त्यांनी लिहिलं, ०४/१०/२०२२.

मी शेजारी उभी होते. मला काहीच खटकलं नाही. आपण आयुष्यभर तारीख अशीच लिहितो, आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत ती वाचली जाते १० एप्रिल २०२२. त्या दिवशी बॅलट छापलंही नव्हतं.

१ नोव्हेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला की पाकिटावर तारीख नसलेली किंवा चुकीची तारीख असलेली बॅलट मोजायची नाहीत, बाजूला ठेवायची. मग चुकीची म्हणजे काय तेही सांगितलं : मेल-इन बॅलटसाठी १९ सप्टेंबर ते ८ नोव्हेंबर यांच्या बाहेरची कुठलीही. आमच्या काउंटीतून काही कळवणं आलं नाही. काही काउंट्या मतदाराला फोन करून चूक सुधारायला बोलावतात, काही बोलावत नाहीत. राज्यात सदुसष्ट काउंट्या आहेत आणि याबाबतीत एकीसारखी दुसरी नाही. मतदानानंतर दहा-बारा दिवसांनी मी सहज वेबसाइटवर सासूबाईंचं नाव टाकून पाहिलं तेव्हा मत धरलं नसल्याचं दिसलं.

मी ते त्यांना दोन दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण सही तर माझीच होती ना?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही. सही खरी, माणूस खरा, बॅलट मुदतीच्या महिनाभर आधी पोचलेलं. त्या तारखेचा कुणालाच काही उपयोग नव्हता, कारण पाकीट कधी आलं ते ऑफिस स्वतः बारकोडवरून नोंदवतं.

२०२४ पासून पाकीट बदललं आणि त्याबद्दल मी मनापासून धन्यवाद देते, ज्या कुणी ते केलं त्यांना. आतलं पाकीट पिवळं झालं, त्यामुळे ते विसरणं अवघड. आतल्या पाकिटाशिवाय आलेल्या बॅलटला इथे नेकेड बॅलट म्हणतात आणि २०२० सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते बाद होतं, म्हणून हा रंग फार महत्त्वाचा. बाहेरच्या पाकिटावर तारखेला चौकोन आले, महिन्याचे वेगळे, दिवसाचे वेगळे. वर्ष आधीच छापलेलं, त्या उन्हाळ्यापासून तर पूर्ण चार आकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल अपील कोर्टाने तारखेच्या चुकीपायी मत बाद करणं घटनेला धरून नाही असाही निकाल दिला. तरी माझं सांगणं, कोर्टांच्या भरवशावर राहू नका. महिना आधी लिहा. आणि आज मतदान करताय ती तारीख लिहा, जन्मतारीख नाही, तीही चूक पुष्कळ लोक करतात.

पोचवायचं कसं? पोस्टाचा शिक्का इथे चालत नाही. मंगळवारी शिक्का बसला आणि बुधवारी पोचलं तर बाद. २०२० मध्ये कोविडमुळे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तीन दिवसांची सवलत दिली होती, ती तेवढ्याच निवडणुकीपुरती, पण अजून लोक तीच धरून बसतात. मी निवडणुकीला दहा दिवस उरले की पोस्टात टाकत नाही. शिफ्ट संपल्यावर ड्रॉपबॉक्सला, म्हणजे काउंटीने बॅलटसाठी ठेवलेल्या पेटीत, जाऊन टाकते. सगळ्या काउंट्यांत ड्रॉपबॉक्स नसतो. नसेल तर ऑफिसात नेऊन द्यायचं. एक लक्षात ठेवा, प्रत्येकाने आपापलंच टाकायचं. नवऱ्याचं पाकीट मी टाकलेलं चालत नाही. मतदार अपंग असेल आणि त्याने रीतसर फॉर्मवर आपल्याला प्रतिनिधी नेमलं असेल तरच चालतं. आपल्याकडे घरातलं एक माणूस सगळ्यांची कामं करून येतं, म्हणून हे ठळक सांगते.

ट्रॅकिंग मात्र उत्तम. अर्ज मिळाला, मंजूर झाला, बॅलट निघालं, परत मिळालं, प्रत्येक टप्प्याला ईमेल. अर्जात ईमेल द्यायला विसरू नका, ते सक्तीचं नसतं म्हणून लोक सोडतात. काही चूक सापडली तर पहिली खबर तिथेच लागते. आणि १-८७७-८६८-३७७२ या राज्याच्या हेल्पलाइनवर मी तीनदा फोन केला आहे, तिन्ही वेळा माणसाने उचलला आणि नीट ऐकून घेतलं.

आता एमर्जन्सीचं. २०२५ ची निवडणूक ४ नोव्हेंबरला होती, राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांना पदावर ठेवायचं की नाही हा त्यात मुख्य प्रश्न. माझे यजमान दर वेळी केंद्रावर जाऊनच मत देतात, त्यांना ते आवडतं, तिथली माणसं ओळखीची झाली आहेत. शनिवारी १ तारखेला पोटात दुखायला लागलं आणि रात्री पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भरती. रविवारी शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "अगं, मंगळवारचं काय?" मुदत २८ ऑक्टोबरला संपली होती. पण अचानक आजारपण आलं किंवा अचानक बाहेरगावी जावं लागलं तर मुदतीनंतरही एमर्जन्सी अ‍ॅब्सेंटी बॅलट मागता येतं, थेट मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत. रुग्णाला जाता येत नसेल तर तो फॉर्मवर आपला प्रतिनिधी नेमतो. सोमवारी माझी सुट्टी होती. यांची सही घेऊन मी ऑफिसात गेले, बॅलट घेऊन हॉस्पिटलात आले, पडदा ओढून बाहेर उभी राहिले. यांनी जेवणाच्या सरकत्या टेबलावर भरलं, पाकिटं चिकटवली, तारीख मला दाखवून घातली. दुपारी तीनच्या आत मी ते ऑफिसात दिलं. खिडकीवरच्या बाईंनी बारकोड फिरवला आणि "हाऊ इज ही डूइंग?" विचारलं. बावीस वर्षं मी हॉस्पिटलात काम करते आहे, पण दाखल झालेल्या पेशंटला अशी सोय आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आता माझ्या युनिटच्या फळ्यावर ऑक्टोबर उजाडला की मी ते लिहून ठेवणार आहे.

भारतात असलेल्यांसाठी थोडं. माझी एक मैत्रीण, अमेरिकन नागरिक, आईवडिलांची देखभाल करायला पुण्याला राहायला गेली आहे. परदेशातल्या मतदारांसाठी फेडरल पोस्टकार्ड अ‍ॅप्लिकेशन असतं, दर वर्षी भरायचं. बॅलट पंचेचाळीस दिवस आधी निघतं, ईमेलनेही मिळतं. पण पेन्सिल्वेनियाला परत पाठवायचं ते कागदावर छापून, टपालाने किंवा कुरियरने, ईमेलने नाही. त्यांना निवडणुकीनंतर सात दिवसांपर्यंत, संध्याकाळी पाचपर्यंत पोचायची सवलत आहे, मात्र निवडणुकीच्या आदल्या दिवसापर्यंत पाठवलेलं हवं. ती कोथरूडहून कुरियरने पाठवते, पैसे लागतात, पण दर वेळी वेळेत पोचलं आहे. उलट दिशेने मात्र दार बंद आहे : भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्या माझ्या दिराने फॉर्म ६ए भरून तिथल्या यादीत नाव घातलं, पण मत द्यायला त्याला स्वतः कोल्हापूरला जावं लागतं. टपालाने देता येत नाही.

आणि गंमत बघा, २०२४ च्या त्याच नोव्हेंबरात माझ्या आईनेही घरबसल्या मत दिलं, इचलकरंजीत. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना विधानसभेला घरून मतदानाची सोय होती. फॉर्म १२डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यायचा, म्हणजे २२ ऑक्टोबरची अधिसूचना आणि २७ पर्यंत फॉर्म. ऐन दिवाळीच्या तोंडावर पाचच दिवस! पण तिथे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाई, स्वतः घरी फॉर्म घेऊन आल्या. मग ठरल्या दिवशी पथक आलं, पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा केला, व्हिडिओ काढणारा मुलगा दाराशी थांबला. आईने बॅलट लहान पाकिटात घातलं, ते आणि सहीचा कागद मोठ्या पाकिटात. मी फोनवर ऐकत होते आणि मला हसू फुटलं. "आई, आमच्याकडेही अगदी अशीच दोन पाकिटं!" मुदत तिथेही आखूडच, पण फॉर्म घेऊन माणूस दारात येतो, म्हणून ती निभते. पेन्सिल्वेनियात कुणी दारात येत नाही. इथे दिवस जास्त द्यायला हवेत.

तारे द्यायचे तर पाचापैकी चार. वेबसाइट, ट्रॅकिंग, नवीन पाकिटं, एमर्जन्सीची सोय, यांना पूर्ण. एक कापला तो त्या मंगळवारसाठी. सात दिवसांत पोचतंच असं नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच मुदत चौदा दिवसांवर आणावी असं मला वाटतं. मुदत आधी आणली तर लोकांची सोय कमी होईल असं म्हणणारे आहेत. पण मुदतीत अर्ज करूनही ज्याला बॅलट मिळत नाही त्याची कसली सोय? त्या एका आठवड्यात ऑफिसात जाऊन हातोहात बॅलट घ्यायची वाट उघडी ठेवावी आणि टपालाची आधी बंद करावी. चूक झालेल्या मतदाराला कळवायचंच, हा नियमही सदुसष्टच्या सदुसष्ट काउंट्यांत एकच हवा.

सासूबाईंनी २०२३ ला बॅलट मागवलंच नाही. "नको बाई, परत चुकेल माझं." २०२४ ला मी नवीन पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि तारखेचे चौकोन दाखवले. त्यांनी आधी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार वेळा लिहून पाहिलं, १०, मग ०९. मग पाकिटावर. ड्रॉपबॉक्सपर्यंत काठी टेकत स्वतः चालत गेल्या, मला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाल्याचा ईमेल आला. मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचला. मग त्यांनी तो छापून मागितला, आणि देवघराच्या खणात, नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटाच्या खाली ठेवला.